फिरता चक आणि नायगावचा जॅक

संपादकांचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो. "मामा, यंदा आपण मराठवाड्यातल्या जुगाडांवर एक विभाग करतोय. तुम्ही घरी वेल्डिंगचं ते फिरतं मशीन केलंय म्हणे, त्यावर लिहा." चहा तिथंच कडू झाला.

जुगाड! तुटलेल्या चपलेला तार बांधली की जुगाड. कूलरच्या पंख्याखाली ट्यूबचा तुकडा कोंबला की जुगाड. माझं मशीन करायला मला सात महिने लागले, त्याचा एकेक भाग मी लेथवर तीन-तीनदा मापून उतरवला, आणि ही मंडळी त्याला उचलून चपलेच्या तारेशेजारी बसवतात. आमच्याकडच्या माणसानं एखादी गोष्ट नीट केली की शहरातली माणसं "काय जुगाड आहे!" म्हणून टाळ्या वाजवतात. हेच पुण्यात कुणी केलं असतं तर त्याचं संशोधन झालं असतं आणि त्याला शाल मिळाली असती. मी संपादकांना म्हटलं, लिहितो, पण त्या विभागात छापणार नसाल तरच. ते म्हणाले, "बघतो." तुम्ही हे कोणत्या मथळ्याखाली वाचताय ते मला माहीत नाही.

माझं नाव उत्तम, धंदा वेल्डरचा, पण सगळे मामाच म्हणतात. लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली. गाव नायगाव तालुक्यात, घर आता नांदेडला. निवृत्त झाल्यावर घरामागं पत्र्याचं शेड टाकलं, भंगारात निघालेला एक म्हातारा लेथ आणून त्याला माणसात आणलं, आणि काम सुरू केलं. माझ्या बायकोला, सुमनला, वाटलं होतं की हा माणूस आता खुर्चीत बसून पेपर वाचेल. मी पेपर वाचतोच, पण त्यातही पुलाच्या उद्घाटनाचा फोटो आला की मी भिंग घेऊन कठड्याचं वेल्डिंग बघतो आणि शिव्या देतो.

शिव्या देण्यात माझा हातखंडा आहे, हे आधीच कबूल करतो. आमच्या गावातल्या शाळेचं गेट, समाजमंदिराची जाळी, सरपंचाच्या गच्चीचा कठडा, सगळ्यांना मी नावं ठेवलीत. पण काय करणार? हल्ली ज्याला कुणाला दुसरं काही येत नाही तो वेल्डर होतो. काळी काच डोळ्यांपुढं धरायची, ठिणग्या उडवायच्या, लोखंडावर मुंग्यांच्या वारुळासारखे ढीग घालायचे आणि मग ग्राइंडर फिरवून सगळं चकचकीत करायचं. ग्राइंडर हे वाईट वेल्डरचं कुलदैवत आहे. वर रंगाचा एक हात दिला की गिऱ्हाईक खूश. आत लोखंडाला लोखंड लागलेलंच नसतं.

ज्यांना ह्या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेल्डिंग म्हणजे चिकटवणं नव्हे. दोन्ही लोखंडं वितळून एक व्हावी लागतात. सपाट पट्टीवर ते जमवणं सोपं. अवघड असतं गोल काम. पाइपाच्या तोंडावर झाकण बसवायचं तर शिवण गोल घ्यावी लागते, आणि वेल्डर काही पाइपाभोवती प्रदक्षिणा घालू शकत नाही. तो थोडं करतो, थांबतो, पाइप फिरवतो, पुन्हा सुरू करतो. जिथं थांबला तिथं शिवण कच्ची राहते. कुंभार मडक्याभोवती धावत नाही, तो मडकं फिरवतो. माझं मशीन एवढंच करतं. चकात, म्हणजे जबडे असलेल्या गोल तबकडीत, काम पकडायचं, चक सावकाश फिरतो, वेल्डिंगची गन एका जागी स्थिर राहते, आणि गोल शिवण न थांबता एका दमात पुरी होते. ह्याला पोझिशनर म्हणतात. मोठ्या कारखान्यांत असतो.

मी तो हौसेनं केला असं मी सगळ्यांना सांगतो. ते खोटं आहे. साठी उलटल्यावर माझा उजवा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग चहाचा कप बशीवर वाजेल इतका. डॉक्टरनं कसलंसं इंग्रजी नाव घेतलं, गोळ्या दिल्या. हात काही ऐकेना. मी गिऱ्हाईक आलं की हात खिशात घालायचो, किंवा एखादा जड पाना धरून उभा राहायचो. थरथरत्या हाताचा वेल्डर म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. अशा एकाला मीच कारखान्यात तोंडावर हसलो होतो. म्हणून मशीन केलं. गन स्टँडला आवळली की हात लागतच नाही. फक्त पायानं बटण दाबायचं आणि काचेतून बघत बसायचं.

ट्रकच्या वायपरची मोटार घेतली. हिच्या शिलाई मशीनचं पायडल काढून त्यात स्वतःचा स्विच बसवला. त्याबद्दल आठवडाभर मला बिनफोडणीचं वरण मिळालं. मोटारीचा वेग कमी करायला गिअरबॉक्स लागतो, तो रशीदभाईंकडून आणला. रशीदभाई म्हणजे नांदेडच्या भंगार बाजारातले माझे जुने ओळखीचे. त्यांच्या दुकानात अख्खा मराठवाडा मोडून पडलेला असतो. बोअरच्या मोटारी, दालमिलचे पट्टे, रसवंतीचे रूळ. ते प्रत्येक वस्तूचा मागचा जन्म सांगू शकतात. गिअरबॉक्स काढून देताना म्हणाले, "मामा, ये खानदानी चीज है. तुम्हारे बाद बी चलेगा." ट्रॅक्टरच्या चाकातली दोन बेअरिंगं घेतली, त्यांत बसेल असा शाफ्ट लेथवर उतरवला, आणि सात महिन्यांनी चक फिरला. मिनिटाला एक फेरा. इतका सावकाश आणि इतका सारखा की हिनं त्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवून बघितला. थेंब सांडला नाही. त्या दिवशी वरणाला फोडणी मिळाली.

एक गोष्ट मात्र समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वेल्डिंगचा करंट गनमधून कामात उतरतो आणि त्याला परत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे अर्थिंगची वायर. स्थिर कामाला वायर कुठंही चिमट्यानं लावा. पण काम फिरत असेल तर चिमटा लावणार कुठं? मशीनच्या सांगाड्याला लावला तर करंट बेअरिंगमधल्या गोळ्यांतून जातो, गोळीगणिक ठिणगी पडते आणि बेअरिंग आतून जळतं. म्हणून फिरत्या शाफ्टवर तांब्याची एक पट्टी स्प्रिंगनं घासत ठेवायची आणि वायर तिला जोडायची. कारखान्यात नव्या वेल्डरांना मी हे ओरडून ओरडून शिकवलं. सांगाड्याला अर्थिंग लावलेलं दिसलं की त्या माणसाच्या शिक्षणाचा, गुरूचा आणि बुद्धीचा उद्धार करायचो. माझ्या मशीनवर अर्थातच पट्टी होती. छान बसवली होती. फक्त ती घासताना किर्र किर्र आवाज करायची.

मशीनची बातमी पसरली आणि बघे यायला लागले. इंजिनिअरिंग कॉलेजचे एक प्राध्यापक आले, त्यांनी चकाबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला आणि विचारलं, "ह्यात सॉफ्टवेअर कोणतं आहे?" मी पायडल दाखवलं.

मग अहमदपूरचा मंडपवाला आला. पांढरा शर्ट, डोक्यावर गॉगल, हातात दोन मोबाइल. तुम्ही हल्ली लग्नांना जात असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. आता नवरा-नवरीला उभं राहून हार घालणं पुरत नाही. त्यांना फिरत्या स्टेजवर उभं करतात, खालून धूर सोडतात, आणि ती दोघं शोकेसमधल्या बाहुल्यांसारखी गरगर फिरतात. हा गृहस्थ तसलं स्टेज करून घ्यायला आला होता. माझा चक बघून तो हरखला.

"मामा, लई भारी फिरून राहिलंय हे. येच्यावर नवरा-नवरी उभे राहतील का?"

"वेल्डिंग करून चिटकवले तर राहतील," मी म्हटलं.

तो हसला. असल्या माणसांना अपमान कळत नाही, तोच त्यांच्या धंद्याचा पाया. मग म्हणाला, "पर आवाज करून राहिलं ना. किर्र किर्र. लग्नात असा आवाज चालत न्हाई. तुमच्या मशीनमधीच कायतरी खोट हाय."

खोट! माझ्या मशीनमध्ये! लग्नात धूर सोडणारा माणूस मला सांगतोय. मी दोन स्क्रू काढले, तांब्याची पट्टी बाजूला ठेवली, पायडल दाबलं. चक फिरला आणि शेडमध्ये चिमणीचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. "कुठाय आवाज?" मी विचारलं. त्यानं मान डोलावली, दोन्ही मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि गेला. स्टेज मी करून दिलं नाही. पण तो गेल्यावर पट्टी परत लावायची ती लावली नाही. उगाच किर्र किर्र कशाला, तसंही थोडं काम आहे, नंतर बघू, असं म्हणून मी अर्थिंगचा चिमटा सांगाड्याला लावला. मी. दुसऱ्या कुणी नाही.

पाच-सहा आठवडे काही झालं नाही. मग चक अधूनमधून गचका द्यायला लागला. फिरता फिरता क्षणभर अडायचा आणि मग पुढं उडी मारायचा. गन स्थिर असल्यामुळं जिथं अडला तिथं लोखंडाचा ढीग व्हायचा, आणि जिथं उडी मारली तिथं शिवण पापडासारखी पातळ. मी मनात निदान केलं, गिअरबॉक्स गेला. रशीदभाईंनी गळ्यात मारला. भंगारवालाच तो, दुसरं काय करणार.

त्याच दिवसांत आमच्या गावचा बालाजी ट्रॉलीचा जॅक घेऊन आला. तुम्ही रस्त्यावर मुरूम ओतताना ट्रॅक्टरची ट्रॉली मागं कलंडताना बघता ना, तिला उचलतो तो हा जॅक. आत तेलाचा दाब असतो आणि सगळा भार शेवटी नळीच्या बुडाशी असलेल्या एका गोल शिवणीवर येतो. ती शिवण फाटली की ट्रॉली खाली येते, आणि तेव्हा खाली कुणी असेल तर त्याचं काही राहत नाही. बालाजीच्या जॅकचं बूड झिरपत होतं. सोयाबीनची रास शेतात पडली होती, आभाळ भरून आलं होतं, आणि तो शेडच्या दारात उकिडवा बसून म्हणत होता, "मामा, आजच द्या. पाया पडतो."

मी जुनी शिवण काढली, बूड बसवलं, चकात पकडलं, पायडल दाबलं. एका फेऱ्यात चकानं दोन गचके दिले. मला दिसले. काचेतून स्वच्छ दिसले. अशा वेळी काय करायचं ते मला माहीत होतं: शिवण पुरी कापायची, मशीन दुरुस्त करायचं, नव्यानं घ्यायची. त्याला दोन दिवस लागले असते. हातानं करावं तर हात थरथरणार, आणि ते बालाजीसमोर. मी ग्राइंडर उचलला. ढीग घासून सपाट केले, पातळ जागा गनखाली आणून थोडा मसाला, म्हणजे वितळलेली तार, भरला, वरून काळा रंग मारला. पंपावर तेलाचा दाब देऊन बघितला, थेंब गळला नाही. पण न गळणं वेगळं आणि टिकणं वेगळं, एवढं मला कळत होतं. बालाजी जॅक खांद्यावर टाकून म्हणाला, "तुमचं काम म्हंजे बघायचं कामच न्हाई," आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी गिअरबॉक्स सोडवला आणि रशीदभाईंच्या दुकानात जाऊन काउंटरवर आपटला. तिथं चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. खोटारडा म्हणालो, एवढं सांगतो. पंचवीस वर्षांची ओळख. रशीदभाईंनी आवाज चढवला नाही. गिअरबॉक्स उघडला, दाते पुसले, बोट फिरवलं.

"कैकू चिल्लाते मामा? देखो ना. गियर में कुछ बी नहीं. एकदम साफ है. तुम घर जाओ, अपनी बेअरिंग खोलो पहले."

"बेअरिंगचं तू मला शिकवणार?" मी म्हटलं, आणि गिअरबॉक्स काखोटीला मारून निघालो.

घरी येऊन तरीही बेअरिंग उघडलं.  गोळ्यांवर देवीच्या वणांसारखे बारीक खड्डे, आणि ज्या कड्यांवर त्या फिरतात तिथं काळ्या रेघाच रेघा. असं बेअरिंग मी कारखान्यात दहा जणांच्या नाकासमोर धरून विचारलं होतं, "अर्थिंग कुठं लावलं होतंस रे, गाढवा?" तांब्याची पट्टी खिडकीत, मंडपवाल्याच्या दिवशी ठेवली होती तिथंच, धूळ खात पडली होती. सुमन चहा घेऊन आली, माझं तोंड बघून तिनं कप लांब ठेवला आणि गेली. ती फारसं विचारत नाही; मी सांगायला लागलो की थांबत नाही हे तिला माहीत आहे.

सकाळी मी रशीदभाईंना फोन केला. समोरासमोर माफी मागायची हिंमत नव्हती, म्हणून फोन. म्हटलं, चूक माझी होती, गिअर चांगला आहे.  मग ते म्हणाले, "वो छोडो मामा. कल तुम बोल रहे थे ना, गचका मारा, जॅक का काम बिगाडा करके. वो जॅक किधर है?"

मला काल रागाच्या भरात आपण काय काय बोललो ते आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं.

जॅक गावात होता. बालाजीला फोन लावला तर लागेना. मी बिलोलीच्या बसनं नायगाव गाठलं, तिथून ऑटोनं गावात. बसमध्ये पूर्ण वेळ एकच विचार. तिकडं काही झालं तर कुणालाही कळणार नाही. जॅक फुटला, जुना होता, भार जास्त होता, असंच म्हणतील. माझं नाव कुणी घेणार नाही. हा विचार मला बरा वाटला, हेही लिहून ठेवतो.

बालाजीच्या घरासमोर ट्रॉली उभी होती, मुरमानं भरलेली. खळं भरून घ्यायचं चाललं होतं. मी पोचलो तेव्हा तिचं पुढचं तोंड आभाळाकडं उचललेलं, पण ओल्या मुरमानं जागा सोडलेली नव्हती, म्हणून बालाजी मागच्या फाळक्याशी, म्हणजे ट्रॉलीच्या दाराशी, फावड्यानं टोचत होता. सगळा भार त्या शिवणीवर.

"खाली घे," मी लांबूनच ओरडलो. "आधी ट्रॉली खाली घे."

"मामा! या या. चहा ठेव गं," तो घराकडं तोंड करून ओरडला. "काय झालं?"

"जॅक खराब आहे. माझी शिवण खराब आहे. दोन ठिकाणी नुसता पापड आहे आत. मी ग्राइंडर मारून झाकलंय."

तो माझ्याकडं बघतच राहिला आणि मग खो खो हसायला लागला. त्याची बायको दारात आली, म्हातारा बाप ओट्यावरून उठून आला, शेजारचे दोघे आले. बालाजी सगळ्यांना सांगत होता, "ऐका, मामा म्हणून राहिले त्येंचं काम खराब हाय!" सगळे हसले. म्हातारा म्हणाला, "आख्ख्या गावाच्या कामाला नावं ठिवून झाली उत्तमा, आता कुनी राह्यलं न्हाई म्हणून सोताच्या कामाला ठिवाया लागलास व्हय?"

मी खरं बोलत होतो आणि एकही माणूस मानायला तयार नव्हता. तीस वर्षं मी ह्या गावाला पढवलं होतं की वेल्डिंग फक्त मलाच येतं. पढवलेलं त्यांनी पाठ केलं होतं.

"बालाजी, चेष्टा नाही. खाली घे."

"मामा, तुमच्या कामावर माझा लई भरवसा हाय. हे बघा." असं म्हणून त्यानं फावडं टाकलं, वाकला, आणि उचललेल्या ट्रॉलीखाली शिरला. एवढ्यावर थांबला नाही. जॅकच्या बुडाशी हात ठेवला आणि सरळ पाठीवर आडवा झाला, बाजेवर पडावं तसा. "तुमच्या वेल्डिंगखाली मी झोपतो. आता बोला."

ह्याच्या आजोबांच्या काळात माझ्या आजाला त्या ओट्यावर चढायची मुभा नव्हती. अंगणात उभं राहून बोलायचं, अंगणातूनच परतायचं. आणि त्यांचा नातू माझ्या एका शिवणीवर जीव ठेवून त्याच अंगणात हसत पडला होता. ह्यापेक्षा मोठा मान मला कारखान्यानं दिला नाही, कुणीच दिला नाही. आणि शिवण खोटी होती.

 मी गुडघ्यावर बसलो, गुडघा कडाडला, आणि हात घालून त्याचा पाय ओढला. चप्पल हातात आली. ती फेकली आणि दोन्ही हातांनी घोटा धरला. माझे हात इतके थरथरत होते की त्याचा पाय हलत होता. खिशात नाही, पान्यावर नाही, उघड्यावर, सगळ्यांसमोर. बालाजीचं हसू थांबलं. त्यानं माझ्या हातांकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं, आणि सरपटत बाहेर आला. अंगावरचा मुरूम झटकला. ट्रॅक्टरवर चढून ट्रॉली हळूहळू खाली घेतली.

जॅक सोडवून आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी नांदेडला शेडमध्ये आलो. शिवण मी त्याच्यासमोरच कापली. तसं करायची गरज नव्हती, तो चहा पीत बसला असता तरी चाललं असतं. पण मला ते दाखवायचं होतं. एका जागी पातं लागताच बुडाचा कडेचा भाग टवका उडावा तसा सुटला. आत लोखंड वितळलेलंच नव्हतं, जुन्या कापाच्या रेघा तशाच होत्या. मसाला नुसता वर बसला होता, भाकरीवर ठेचा बसावा तसा. बालाजीनं तो तुकडा हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. सुमनकडं पाणी मागितलं, प्यायला. मग म्हणाला, "मामा, मी खाली झोपलो होतो."

"हाव," मी म्हटलं.

 नवी बेअरिंगं घालायला दोन दिवस गेले, तांब्याची पट्टी जागेवर बसवली. चक किर्र किर्र करत एक फेरा फिरला आणि शिवण एका दमात पुरी झाली. ग्राइंडर भिंतीवरच राहिला. मी बालाजीला सांगितलं की रंग देणार नाही. शिवण उघडी असू दे, कुणालाही बघता येईल. रशीदभाईंकडंही नंतर स्वतः गेलो. त्यांनी चहा मागवला, पण पूर्वी ते माझ्या बशीत आपल्या हातानं बिस्किट ठेवायचे, ते त्या दिवशी ठेवलं नाही. अजूनही ठेवत नाहीत.

आणि दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवणं मी सोडलं, असं तुम्हाला वाटत असेल तर ते चूक आहे. परवाच एका नव्या बसथांब्याचं छप्पर बघितलं. वेल्डरनं डोळे मिटून काम केलंय, आणि ज्यानं पास केलं त्यानं तर डोळे विकलेत. फक्त आता बोलायच्या आधी मी जवळ जाऊन शिवणीवर बोट फिरवून बघतो. पूर्वी लांबूनच बोलायचो.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. बालाजीची ट्रॉली रिकामी, तोंड वर उचललेली, आणि तो ग्रीसचा डबा घेऊन खाली निघाला होता. जॅकवरची माझी शिवण लांबून दिसत होती, चांगली होती, शंभर ट्रॉल्या उचलेल अशी. त्यानं मला बघितलं, हात जोडून जयभीम घातला. मग गोठ्याकडं गेला, बाभळीचा एक जाड ओंडका ओढत आणला, ट्रॉलीच्या सांगाड्याखाली उभा केला, दोन लाथा घालून पक्का केला, आणि मगच खाली वाकला. माझ्यासमोर.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. ओंडका जरासा तिरका होता. मी पुढं झालो, तो खाली असताना पायानं ओंडका सरळ केला आणि त्याचं ग्रीस मारून होईपर्यंत हातानं धरून उभा राहिलो.